मागच्या अंगणातली संसद

निहार आणि इरा,

तुमच्या दोघांच्या दोन संसदा मला आता तोंडपाठ झाल्या आहेत. निहार शाळेच्या सहलीबरोबर त्याच्याकडची, लंडनची, पाहून आला आणि फोनवर तक्रार करू लागला, की तिथे सगळ्या खासदारांना पुरतील एवढी बाकंच नाहीत, उशिरा येणारा उभा राहतो. इराच्या कॅनबेरात संसदेच्या छपरावर हिरवळ आहे. (कोकणात पावसाळ्यात ती कुणाच्याही कौलांवर उगवते, पण ते असो.) मग इराने शाळेसाठी तक्ता करायला घेतला: कुठल्या देशाची संसद कुठे भरते आणि कधी. युरोपची संसद म्हणे ब्रसेल्सहून पेट्या भरून स्ट्रासबर्गला जाते आणि परत येते. आइसलंडची पूर्वी उघड्या खडकावर भरायची. स्वित्झर्लंडच्या एका भागात अजून सगळे गावकरी मे महिन्यात चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात.

"आणि तुझी कुठे भरते, आजी?"

मी म्हटलं, दिल्लीला, वर्षातून तीनदा. राज्याची मुंबईत, आणि हिवाळ्यात नागपूरला.

"ती नाही. तू स्वतः जाऊन बसतेस ती."

चौऱ्याहत्तर वर्षं या देशात काढून मी स्वतः जाऊन बसते अशी एकच. ठाण्यात आमच्या सोसायटीची सभा भरते, पण तिथे फक्त पार्किंगवर भांडण होतं. म्हणून मी जानेवारीत महाडला गेले. तक्ता शाळेत देऊन झाला तरी मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण गोष्टीचं शेवटचं पान माझ्याकडे नव्हतं. परवा ते फोनवरून आलं. तेव्हा आता पहिल्यापासून सांगते.

वीर

वसुधा म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी एका बाकावर बसून इंग्रजी शिकलो. ती पुढे जन्मभर महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवत राहिली. तिची एक विद्यार्थिनी, संगीता, पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगराळ गावची सरपंच झाली आहे, आणि प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला तिने वसुधाला मुद्दाम बोलावलं होतं. वसुधा मला म्हणाली, "तुझ्या नातीला सांग, हीच ती. जाऊन बसायची."

ती मला न्यायला वीर स्टेशनवर रिक्षा घेऊन आली होती. रिक्षावाल्याने माझी बॅग उचलता उचलता चौकशी केली.

"मावशी, कंचा कार्यक्रम? लगीन?"

"ग्रामसभा बघायला आलेय."

त्याने वसुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठान्याहून? सभा बघायला? आमच्या गावचा मानूस समोरच्या घरातून येत नाय, मावशी!"

वाटेत भातखाचरांत वाल टरारून आला होता. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात, त्याला वेगळं पाणी लागत नाही. आंब्यांना मोहर होता. वसुधाने एकदा डोंगराच्या एका बाजूकडे हात केला आणि "तिकडे तळीये" एवढंच म्हणाली. दोन हजार एकवीसच्या जुलैत दरड आली ते गाव.

महाड

वसुधाच्या बैठकीत भिंतीवर घड्याळाच्या जरा खाली एक बारीक निळी रेघ आहे. त्याच जुलैत सावित्रीचं पाणी तिथवर चढलं होतं. घराला नवा रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने रेघ बुजवली. हिने पुन्हा काढायला लावली. "पाहुण्यांना सांगायला बरी पडते," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही चवदार तळ्यावर गेलो. इरा, तुझ्या बाबाला मी लहानपणी इथे आणलं होतं. सगळ्यांच्या तळ्यातलं पाणी सगळ्यांना पिता यावं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी इथे हजारो माणसांना चालत यावं लागलं, हे त्याला तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. आता पायऱ्यांवर पोरं भेळ खात बसली होती. तिथेच संगीता आम्हाला भेटली. पस्तिशीची, उंच, साडीवर स्वेटर आणि हातात हेल्मेट. तालुक्याच्या कचेरीतून ती थेट स्कूटरवर आली होती.

तिची अडचण तिने भेळेच्या कागदावर बोटाने नकाशा काढून समजावली. तिचं गाव तीन वाड्यांचं. सगळ्यात वर बौद्धवाडी, तिथेच संगीताचं सासर. पाण्याचा झरा त्याहून वर, डोंगरात. पण गावची टाकी बांधली ती वाडीच्या खाली. पाणी वाडीच्या शेजारून पाइपातून खाली उतरतं, टाकीत पडतं आणि खालच्या घरांच्या नळांना जातं. वर चढून यायची त्याला सवय नाही. त्यामुळे वाडीतल्या बायका झऱ्यावर जातात. मागच्या उन्हाळ्यात संगीताची सासू भागूबाई डोक्यावर हंडा घेऊन त्या वाटेवर घसरली आणि दीड महिना अंथरुणात होती.

"मी सासूबाईंना सांगितलंय, बाई. माझ्या मुदतीत वाडीला वरची टाकी होणार. ठराव नाही तर टाकी नाही. आणि ही माझी शेवटची जानेवारीची सभा."

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

"कोरमला."

इथे मला थोडं थांबून तुम्हाला सांगायला हवं. निवडून आलेले सदस्य म्हणजे पंचायत. पण ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तुमच्याकडे लोकांचा एक प्रतिनिधी जाऊन बसतो. इथे लोक स्वतःच येऊन बसायचे असतात. ठरलेली संख्या, म्हणजे कोरम, जमली नाही तर अर्धा तास वाट बघायची आणि सभा तहकूब करायची. आणि मौज अशी, की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला संख्येची अट नसते. पाच जण आले तरी चालतं.

"म्हणून पहिल्या सभेला कुणी येतच नाही," संगीता म्हणाली. "रीतच पडलीय. आधी तहकूब करायची, मग आठवड्याने देवळाच्या सभामंडपात तात्या आणि त्यांची चार माणसं बसतात आणि गाव चालतं. या वेळी तात्यांच्या मनात स्वागत कमान आहे. आहे तो निधी कमानीला गेला की संपलं."

तात्या म्हणजे उपसरपंच, पूर्वीचे सरपंच, तिच्याच शब्दांत "तसा वाईट माणूस नाही, पण कमानीने झपाटलाय." तेव्हा संगीताने यंदा एक नवीन गोष्ट केली होती. सभा वाड्यावाड्यांत फिरती ठेवायची सोय नियमात आहे. तिने नोटीस काढली: या वेळची ग्रामसभा वर, बौद्धवाडीत, समाजमंदिराच्या अंगणात. खालची माणसं कमी आली तरी वाडी तर घरातच आहे. बाहेर आलं की झाला कोरम!

आम्हा दोघींना हा हिशोब अगदी बिनचूक वाटला.

पोलादपूरच्या वर

सकाळी पंचायतीच्या दारात झेंडावंदन झालं, पोरांनी जिलेबी खाल्ली, आणि वरात निघावी तशी खालच्या गावची माणसं वाडीकडे निघाली. सिमेंटचा रस्ता अर्ध्यावर संपतो. पुढे दगडांची पायवाट आहे. माझ्या पुढे तात्या काठी टेकत चढत होते: पांढरी टोपी, करकरीत इस्त्रीचा लेंगा, आणि दर वळणावर एक शेरा.

"सरपंचबाय, पुढची सभा प्रतापगडावर घ्या. तिथवर जायला गाडी तरी हाय!"

"घेऊ की, तात्या. तुमी कमान तिथंच बांधा."

मागून हशा आला. तात्यांनाही तो आवडलेला दिसला, कारण पुढच्या वळणावर त्यांनी तो शेरा आपलाच असल्यासारखा एकाला सांगितला.

समाजमंदिराच्या अंगणात मोठी सतरंजी अंथरली होती. टेबल, निळं टेबलक्लॉथ, पाण्याचा जग, माइक. अंगण सारवलेलं, कडेने रांगोळी. मी आणि वसुधा खुर्च्यांवर बसलो. खालची माणसं सतरंजीवर बसली, आणि ग्रामसेवकाने डोकी मोजायला सुरुवात केली. हा तरुण मुलगा नुकताच बदलून आलेला, त्यामुळे फार काळजीपूर्वक मोजत होता. त्याने दोनदा मोजलं. मग संगीताच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

लागणार होती ऐंशीच्या आसपास. आली होती पन्नास-पंचावन्न. वाडीतले दोन म्हातारे कोपऱ्यात बसले होते. कर्ते पुरुष सगळे मुंबईला कामाला. पण बायका? ज्यांच्या पाण्यासाठी एवढा घाट घातला, त्यातली एकही बाई अंगणात नव्हती.

तात्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर सतरंजीवर ठेवलं. "अर्धा तास," ते गोड आवाजात म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

पहाटेच झेंडावंदनाला खाली उतरलेली संगीता घराघरांतून हाका मारून आली. घरं उघडी, आत कुणी नाही. "सगळ्या म्हणाल्या होत्या येतो," ती वसुधाला म्हणाली. "सासूबाईंनी तर शपथ घेतली होती." तात्यांच्या घड्याळाकडे न बघण्याचा आम्ही सगळेच प्रयत्न करत होतो.

माझी दुपारची गोळी घ्यायची होती आणि टेबलावरच्या जगातलं पाणी गार होतं, म्हणून मी कोमट पाणी मिळतं का बघायला समाजमंदिराला वळसा घालून मागे गेले. आणि तिथे मला वाडी सापडली.

मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. एकीवर वालाचं बिरडं, दुसरीवर कोंबडीचा रस्सा, तिसरीवर तवा. तीस-पस्तीस बायका कामात बुडालेल्या. कुणी उकड मळत होत्या, कुणी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, कुणी वाल सोलत होत्या. पलीकडे पेंढ्याच्या राखेत मडकी उपडी घातली होती, आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडवट गोड वास सुटला होता. म्हणजे पोपटी! वालाच्या शेंगा मडक्यात पाल्यासकट कोंबून विस्तवात भाजतात ती. पोपटी खरी संध्याकाळची, शेतावर खायची; पण आज ती भर दुपारी लावली होती.

तव्यासमोर पाटावर एक किडकिडीत म्हातारी बसली होती. एक पाय लांब सोडलेला. मी ओळखलं.

"भागूबाई? तुम्ही सभेला नाही आलात?"

"सभा पुढं चाललीय न्हवं?" तिने भाकरी उलटली. "आमी जेवान करतो."

"पण सभा तर तुमच्यासाठीच आहे."

ती हसली. मी काहीतरी शहरी बोलले असणार. "बाय, सगला गाव पहिल्यांदा आमच्या वाडीत जेवाया आलाय. माज्या सासऱ्याच्या वक्ताला ह्या लोकांनी आमच्या दारचं पानी घेतलं नाय. आनि आज येताव म्हनले. मग पावणे बसल्यावर घरातला मानूस बसतो का गो कुठं? आदी पावण्यांचं."

आणि बाकीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मग माझ्या लक्षात आलं. सभेचं निमंत्रण वाडीत पोचलं होतं. नको इतकं नीट पोचलं होतं. सभा आपल्याकडे आहे म्हटल्यावर त्या यजमान झाल्या. आणि कोकणातली यजमानीण पंगत उठेपर्यंत पंगतीत बसत नाही. संगीताच्या, वसुधाच्या, माझ्या बिनचूक हिशोबात ही एक गोष्ट नव्हती. आमच्यापैकी कुणाच्याही घरी याहून वेगळं होत नाही, तरीसुद्धा.

मी जमेल तेवढ्या वेगाने पुढे आले. गोळी राहूनच गेली. संगीताला सांगितलं. ती धावत मागे गेली आणि मी तिच्यामागे.

"आई, चला! वीस मिनिटं झाली!"

"भाकरी तव्यावर हाय. जलल."

"जळू दे!"

"पावण्यांना जललेली वाडू? तुला कुनी सरपंच केला गो?" बायका खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "वैनी, तुमी घ्या ना सभा करून. आमचं हो म्हना."

"माझ्या हो म्हणण्याने होत नाही ना! तुमचं तोंड दिसायला पाहिजे!"

संगीता तिथे क्षणभर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराने असेल. मग तिने पदर खोचला, समाजमंदिराला वळसा घालून गेली आणि माइकवरून म्हणाली, "मंडळी, उठा. सतरंजी उचला. सभा मागच्या अंगणात."

"हां हां हां!" तात्या उठलेच. "नोटिशीत काय लिवलंय? समाजमंदिराचं अंगन!"

ग्रामसेवकाने नोटीस काढून वाचली. बिचाऱ्याला घाम फुटला होता. "अंगण... एवढंच लिहिलंय. पुढचं की मागचं, ते नाही लिहिलेलं."

"मग मागचं काय अंगन न्हवं? परसात काय गाढवं बांधलीत?" कोपऱ्यातला एक म्हातारा पहिल्यांदाच बोलला. आणि तरुण पोरांनी सतरंजी उचललीसुद्धा, तिच्यावर तात्यांचं घड्याळ होतं तसंच.

इरा, तुझी ती ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जाणारी संसद लिही, आणि तिच्याखाली ही लिही. आमची संसद एका भिंतीएवढी हलली. टेबल राहिलं, जग राहिला. माइकची वायर पुरली नाही म्हणून माइकही राहिला. चुलींच्या भोवती सतरंजी पसरली. जागा कमी पडली तेव्हा खालच्या गावच्या बायका सरळ वाल सोलणाऱ्यांत जाऊन बसल्या आणि शेंगा हातात घेतल्या. दोन पुरुषांपुढेही कुणीतरी सूप सरकवलं. कुणी ना म्हणालं नाही.

ग्रामसेवकाने मोजलं. या वेळी मोठ्याने. ऐंशी कधीच ओलांडले. तात्यांचं घड्याळ कुणाच्या तरी मांडीखाली होतं, त्यामुळे किती मिनिटं उरली होती ते कधीच कळलं नाही.

मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं, आणि तात्या कमानीवर बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू! गावाला तोंड पाहिजे, रस्त्याने जाणाऱ्याला नाव दिसलं पाहिजे, मुंबईची पोरं गणपतीला येतात तेव्हा त्यांची मान वर झाली पाहिजे. बोलणं संपलं तेव्हा भागूबाईने मान न वळवता विचारलं,

"तात्या, ती कमान झाली, की मी हंडा तिच्याखालून नेऊ का वरून?"

सगळ्यात मोठ्याने खालच्या आळीच्या बायका हसल्या. मग ती बोलली, भाकऱ्या थापतच. वाट कुठे निसरडी आहे, कुठल्या दगडावर तिचा पाय गेला, दीड महिना सुनेने हंडे कसे भरले आणि शिवाय पंचायत कशी चालवली. भाषण नव्हतं ते. मध्येच "मीठ बघ गो" असंही होतं.

संगीताने ठराव वाचला: बौद्धवाडीच्या वर झऱ्याजवळ नवी टाकी आणि वाडीला नळ. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मी आयुष्यात पुष्कळ मतदान पाहिलं, पण असं कधी पाहिलं नाही: पिठाचे हात, राखेचे हात, वालाच्या सालींनी हिरवे झालेले हात. भागूबाईचा एक हात तव्यावर होता आणि दुसऱ्यात उलथनं, तिने उलथनंच वर केलं. ग्रामसेवकाने तेही मोजलं.

एवढ्यात तात्यांचाही हात वर गेला.

"उपसरपंचांचं पण!" ग्रामसेवक आनंदाने म्हणाला.

"अरे, मी भाकर मागतोय!" तात्या म्हणाले. "कवापासून समोर बसलोय, ह्या वासानं मानसानं काय करायचं?" आणि मग सगळीकडे पाहून, हात खाली न आणता म्हणाले, "असू दे. लिव, लिव. पन भाकर दे."

त्यांनी तीन खाल्ल्या. सुकटीची चटणी दोनदा मागून घेतली. भागूबाईने त्यांना स्वतः वाढलं आणि पूर्ण वेळ त्यांच्या ताटाकडे बघत राहिली. शेवटी आम्ही दोघी, वसुधा आणि मी, उठलो आणि वाडीच्या बायकांना बसवून वाढायला लागलो. माझ्या हातून रस्सा सांडला. एकजण म्हणाली, "ठान्याच्या बाय, तुमी पोपटी सोला, ते जमल."

सव

दुसऱ्या दिवशी वसुधाने मला सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. गुडघ्यांसाठी, तिचे आणि माझे. गंधकाचा वास येतो, पण पाच मिनिटांत नाक तक्रार करायचं सोडतं. पाय पाण्यात सोडून आम्ही दोघी बसलो होतो. मी तिला म्हटलं, "आपण तिघी शिकलेल्या, आणि चुलीमागे कुणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस की," ती म्हणाली. "गोळीच्या निमित्ताने."

हे तिने मला लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि मग तिच्याजवळच्या शेवटच्या संत्र्याचा अर्धा भाग मला दिला.

ठाणे

परवा संगीताचा फोन आला. टाकी अजून बांधून झालेली नाही. खड्डा खणून झालाय, पाइप येऊन पडलेत, आणि ठेकेदार मुलीच्या लग्नाला गेलाय. उन्हाळा सुरू झाला, त्यामुळे वाडीतल्या बायका अजून झऱ्यावरच जातात. भागूबाईला मात्र आता कुणी हंडा उचलू देत नाही. त्यावरून ती रोज भांडते. तात्या आठवड्यातून एकदा काठी टेकत खड्डा बघायला वर येतात आणि जेवूनच उतरतात. कमान त्यांनी आयत्या वेळच्या विषयांत पुन्हा घातली आहे.

एक मेच्या सभेची पाळी मधल्या वाडीची. तिथल्या बायकांनी संगीताकडे येऊन एकच गोष्ट मागितली, आणि तशी नोटीस निघाली आहे. तिने ती मला फोनवर वाचून दाखवली. इरा, तुझा तक्ता शाळेत जाऊन परत आला असेल, तरी पेन्सिलने माझ्या नावापुढे लिही.

कुठे: मधल्या वाडीत, घरांच्या मागे, चुलींजवळ. कधी: भाकऱ्या चालू असताना.

झरा अजून आटलेला नाही, आणि सभा तहकूब झालेली नाही.

तुमची आजी